रोमन शिपायाचे पायताण : प्रतिकृती आणि पुरावा

कोलकात्याच्या भारतीय संग्रहालयात भारहूत येथील स्तूपाचा दगडी कठडा उभारून ठेवलेला आहे. मध्य प्रदेशातील सतना जिल्ह्यात अलेक्झांडर कनिंगहॅम यांना तो १८७३ मध्ये आढळला आणि पुढे त्याचे अवशेष कोलकात्यास आणण्यात आले. या कठड्याच्या एका स्तंभावर एक योद्धा कोरलेला आहे. त्याचे केस आखूड व कुरळे असून त्यांवर फीत बांधलेली आहे. अंगात चुण्यांचा अंगरखा, जवळ म्यानात घातलेली रुंद तलवार आणि पायांत बूट आहेत. बहुतेक अभ्यासक त्यास 'यवन', म्हणजे वायव्येकडून आलेला ग्रीक वळणाचा परदेशी मनुष्य, असे मानतात. त्याचा काळ इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या-पहिल्या शतकातील आहे.

आता असे समजू की, एखाद्या कुशल कारागिरास या यवनाच्या बुटांची प्रतिकृती करावयास सांगितले. मूर्तीवरून बुटाची उंची व बाह्य आकार त्याला कळेल. परंतु कातडे गाईचे की बकऱ्याचे? ते किती जाड होते? कशाने कमावले होते? तळवा एकपदरी की तीनपदरी? शिवण आतून की बाहेरून? तळाला खिळे होते की नव्हते? यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर दगड देत नाही. कारागीर आपल्या सवयीने ती उत्तरे भरून काढील, बूट उत्तम दिसेल, आणि पाहणाऱ्याला वाटेल की, यवनाचा बूट असाच होता. प्रतिकृतीचा उपयोग आणि प्रतिकृतीचा धोका हे दोन्ही येथूनच सुरू होतात.

भारहूतचा योद्धा रोमन नव्हे, हे येथेच सांगितले पाहिजे. रोमशी भारताचा संबंध मुख्यतः व्यापाराचा होता. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी टेकडीवर सापडलेली समुद्रदेव पोसायडनची कांस्यमूर्ती, ठिकठिकाणी मिळालेली रोमन नाणी, कार्ले येथील लेण्यांच्या खांबांवर कोरलेली यवन दात्यांची नावे, ही सारी त्या दूरच्या समुद्रव्यवहाराची साक्ष होय. रोमन सैन्य मात्र कधी भारतात आले नाही. असे असूनही आज युरोप-अमेरिकेत जी मंडळी रोमन शिपायाचा वेष धारण करून जुन्या कवायती व लढाया पुन्हा वठवून दाखवितात, त्यांच्या अंगावरील शिरस्त्राणे, चिलखते व तलवारी यांपैकी पुष्कळ वस्तू भारतात घडलेल्या असतात. देहरादून येथे १९४३ मध्ये गुरखा पलटणींसाठी कुकऱ्या बनविण्याच्या निमित्ताने निघालेला विंडलास स्टीलक्राफ्ट्स हा कारखाना पुढे ऐतिहासिक तलवारींसाठी प्रसिद्ध झाला. मेरठ येथेही रोमन शिरस्त्राणे व चिलखते घडतात. ज्या साम्राज्याची सेना सिंधूपर्यंतही पोहोचली नाही, तिचा सरंजाम गंगा-यमुनेच्या दुआबात तयार व्हावा, ही इतिहासाची गंमतच म्हणावयाची.

नकलेच्या तीन जाती

प्रत्येक नक्कल प्रतिकृती नसते. कोलकात्यातच याची चांगली उदाहरणे मिळतात. कुमारटुलीत दुर्गेच्या मूर्ती घडतात, तेव्हा देवीच्या दहा हातांत देण्यासाठी पत्र्याची चकचकीत खड्गे, चक्रे व त्रिशूळ तयार केले जातात. चितपूर भागातील जात्रा-मंडळ्यांच्या पोषाखांबरोबर वापरावयाच्या तलवारींचीही तीच रीत. या शस्त्रांनी दुरून शस्त्रासारखे दिसावे, एवढीच अपेक्षा असते आणि ती पुरी होते. त्यांना खोटे म्हणणे अन्यायाचे ठरेल.

दुसरी जात अधिक फसवी आहे. व्हिक्टोरिया मेमोरियलमध्ये वॉरन हेस्टिंग्ज यांचा रिचर्ड वेस्टमॅकॉट यांनी घडविलेला संगमरवरी पुतळा आहे. त्यात हा इंग्रज गव्हर्नर-जनरल रोमन पद्धतीचे उत्तरीय पांघरून उभा आहे. येथे रोमन वेष हा इतिहासाचा अभ्यास नसून प्रतिष्ठेची खूण आहे. एकोणिसाव्या शतकातील चित्रकारांनी आणि विसाव्या शतकातील चित्रपटांनी रोमन शिपायाची जी मूर्ती लोकांच्या मनात ठसविली, तिचे कुळ हेच. मनगटांवर रुंद चामडी पट्टे बांधलेला शिपाई हा चित्रपटात नित्य भेटतो. सामान्य रोमन शिपायाने असे पट्टे वापरल्याचा विश्वसनीय पुरावा मात्र मिळत नाही.

तिसरी जात म्हणजे अभ्यासाची प्रतिकृती. तिच्यात वस्तू जशी दिसत होती तशी नव्हे, तर जशी केली जात होती तशी करावयाची असते, आणि केल्यावर ती वापरून पाहावयाची असते. हिच्याच आधारावर 'प्रायोगिक पुरातत्त्व' ही विद्याशाखा उभी आहे. फ्रान्सचा सम्राट तिसरा नेपोलियन याने १८६० नंतरच्या दशकात ज्यूलिअस सीझरच्या चरित्राचा अभ्यास करताना रोमन भाले व प्रक्षेपक यंत्रे मुद्दाम करवून घेऊन त्यांचे प्रयोग पाहिले, ते या पद्धतीचे एक आरंभीचे उदाहरण होय.

चिलखताचे कोडे

रोमन शिपाई म्हटला की छातीभोवती लोखंडी पट्ट्यांचे चिलखत डोळ्यांपुढे येते. रोममधील त्राजान सम्राटाच्या विजयस्तंभावर (इ. स. ११३) असे शेकडो शिपाई कोरलेले आहेत. पुढच्या अभ्यासकांनी या शिल्पांवरून अनेक तर्क केले. पट्ट्या चामड्याच्या असाव्यात, किंवा लोखंडी पट्ट्या चामड्याच्या बंडीवर शिवलेल्या असाव्यात, असे सांगितले जाई. या तर्कांप्रमाणे चिलखते केलीही गेली. ती घातलेला मनुष्य उभा असताना ठीक दिसे. वाकू लागला की अडचण येई.

कोडे सुटले ते १९६४ मध्ये. इंग्लंडच्या उत्तरेस कॉर्ब्रिज येथे जमिनीत पुरलेली एक लाकडी पेटी सापडली. तिच्यात इतर सामानाबरोबर अशा चिलखतांचे भाग एकत्र गुंडाळून ठेवलेले होते. लोखंड गंजून गेले होते. परंतु त्या गंजातच पट्ट्यांच्या आतील चामड्याच्या वाद्यांचे ठसे राहिले होते. लंडनच्या टॉवरमधील शस्त्रागाराचे तज्ज्ञ एच. रसेल रॉबिन्सन यांनी त्यांवरून चिलखत पुन्हा बांधले. त्यात चामड्याची बंडी नव्हतीच. पट्ट्या आतल्या बाजूने उभ्या वाद्यांवर रिव्हेटांनी जोडलेल्या होत्या व एकमेकींवरून सरकत होत्या. त्यामुळे शिपायाला वाकता येई, हात वर करता येई, आणि काम झाल्यावर चिलखत मिटवून ठेवता येई. रॉबिन्सन यांचा रोमन चिलखतांवरील ग्रंथ १९७५ मध्ये निघाला आणि आजही कारागीर त्याचा आधार घेतात. २०१८ मध्ये जर्मनीतील काल्क्रीझे येथे याहून जुने व बरेच अधिक पूर्ण असे चिलखत मिळाले. इसवी सन ९ मध्ये रोमन सैन्याच्या तीन पलटणींचा जेथे नाश झाला, तेच हे रणक्षेत्र असावे असे बहुतेक संशोधक मानतात.

येथे एक बारीकशी गोष्ट नोंदण्यासारखी आहे. उत्खननात मिळालेल्या चिलखतांच्या पितळी बिजागऱ्या व कड्या वारंवार तुटलेल्या आणि ओबडधोबड रिव्हेट ठोकून दुरुस्त केलेल्या आढळतात. बाजारातील प्रतिकृतीत हे कधीच दिसत नाही. तिच्या बिजागऱ्या जाड व निर्दोष असतात. कारण गिऱ्हाइकाला तुटणारी वस्तू नको असते. त्यामुळे हे चिलखत रोमन शिपायाला किती त्रासाचे पडत असेल, याची कल्पना विकत घेतलेल्या चिलखतावरून येत नाही.

शस्त्रांबद्दल थोडक्यात सांगता येईल. प्राचीन लोखंड भट्टीत वितळवून ओतलेले नसे. भट्टीतून निघालेला सच्छिद्र गोळा ठोकून ठोकून ते शुद्ध करीत. त्यामुळे एकाच पात्यात कोठे कर्ब अधिक, कोठे कमी, मधूनच मळीच्या रेषा, अशी त्याची रचना असते. आजचे पोलाद सर्वत्र सारखे असते. सीझरने लिहिले आहे की, रोमन भाले शत्रूच्या ढालींत शिरून त्यांची लोखंडी टोके वाकत व ती उपसून काढता येत नसत. आजच्या पोलादाचा भाला करून तो ढालीवर फेकला आणि तो वाकला नाही, तर त्यावरून सीझर खोटा ठरत नाही. लोखंड वेगळे आहे एवढेच ठरते. पुनर्नाट्यातील तलवारींची गोष्टही अशीच. इजा होऊ नये म्हणून त्यांची धार बोथट व जाड ठेवावी लागते. त्यामुळे पात्याचे वजन आणि तोल बदलतो, आणि हातात घेतलेली तलवार अस्सल तलवारीसारखी वागत नाही. सुरक्षिततेसाठी हे योग्यच आहे; परंतु अशा तलवारीवरून रोमन तलवारबाजीचे सिद्धान्त काढणे योग्य नव्हे.

खिळ्यांचा जोडा

प्रतिकृतीची खरी कसोटी पायताणात लागते, कारण पायताण चालताना झिजते आणि झिजण्यातून बोलते. रोमन शिपायाच्या जोड्यास 'कालिगा' म्हणत. सेनापतीच्या तळावर वाढलेल्या लहानग्या गायसला शिपायांनी लाडाने 'कालिगुला', म्हणजे 'छोटा जोडा', असे नाव दिले; पुढे तो सम्राट झाला तेव्हा इतिहासाने त्याचे तेच नाव कायम ठेवले.

कालिगाचा वरचा भाग एकाच कातड्यातून जाळीदार कापलेला असे. पट्टे पायावर ओढून वादीने बांधावयाचे आणि टाचेमागे शिवण. खाली आतला तळवा, मध्ये वरच्या कातड्याची आत दुमडलेली कड आणि बाहेरचा जाड तळवा, असे थर एकावर एक ठेवून त्यांतून मोठ्या डोक्याचे लोखंडी खिळे ठोकीत व त्यांची आत आलेली टोके परत वाकवून बसवीत. म्हणजे खिळे केवळ तळवा झिजू नये म्हणून नव्हते. जोडा एकत्र धरण्याचे कामही तेच करीत. फ्रान्समधील आलेझिया येथे सीझरने इ. स. पू. ५२ मध्ये वेढा दिला होता. तेथे सापडलेल्या काही खिळ्यांच्या डोक्याखाली फुली व ठिपके यांची नक्षी आहे. ती बुटात बसल्यावर कोणालाही दिसणार नव्हती. खिळा कातड्यात घट्ट रुतावा, हाच तिचा हेतू असावा.

या खिळ्यांचा शिपायाच्या जीवनाशी किती निकटचा संबंध होता, हे प्राचीन लेखकांच्या सहज उल्लेखांवरून कळते. इसवी सन ७० मध्ये जेरुसलेमच्या वेढ्यात ज्युलियानस नावाचा एक शूर सेनानायक एकटाच शत्रूवर तुटून पडला. देवळाच्या गुळगुळीत फरसबंदीवर त्याच्या जोड्याचे खिळे घसरले, तो चिलखतासह आपटला आणि शत्रूंनी त्यास घेरून ठार केले, असे जोसीफसने लिहून ठेवले आहे. टॅसिटसने इसवी सन ६९ च्या यादवीचे वर्णन करताना शिपायांनी मागितलेल्या 'खिळ्यांच्या पैशां'चा निर्देश केला आहे. स्युटोनियसने सांगितलेली गोष्ट तर आणखी मासलेवाईक आहे. बंदरांवरून रोमपर्यंत पाळीपाळीने पायी येणाऱ्या नौसैनिकांनी व्हेस्पेशियन बादशहाकडे जोड्यांसाठी भत्ता मागितला. बादशहाने त्यांना उत्तरही न देता परत पाठविले आणि यापुढे अनवाणी धावत यावे असा हुकूम केला. स्युटोनियस म्हणतो की, त्या वेळेपासून ते तसेच धावत आहेत.

ग्रंथांतून जे कळते ते पायांनी तपासण्याचे काम जर्मन इतिहासकार मार्कुस युंकेलमान यांनी १९८५ मध्ये केले. काही सोबत्यांसह रोमन शिपायाचा संपूर्ण सरंजाम अंगावर घेऊन ते इटलीतील व्हेरोनाहून आल्प्स ओलांडून जर्मनीतील आउग्सबुर्गपर्यंत पायी गेले. अशा प्रवासात जोडा कोठे चावतो, पट्टे भिजल्यावर कसे ताणले जातात, खिळे किती झिजतात व केव्हा गळून पडतात, हे समजते. घरात बसून शंभर शिल्पे पाहिली तरी ते समजत नाही. 'खिळ्यांचे पैसे' ही मागणी हावरटपणाची नव्हती, असे अशा वाटचालीनंतर वाटू लागते.

मात्र चालण्याचा प्रयोग खरा ठरावयाचा तर जोडाही खरा हवा. येथे प्रश्न येतो कातड्याचा.

हिरडा की क्रोमियम ?

जनावराचे कच्चे कातडे ओले राहिले तर कुजते आणि वाळले तर लाकडासारखे कडक होते. त्याच्यात कोलॅजेन नावाच्या प्रथिनाचे तंतू असतात. या तंतूंना आपसांत बांधून पाणी व जंतू यांपासून त्यांचे रक्षण करावयाचे, यालाच कातडे कमावणे म्हणतात. प्राचीन काळी रोमन लोक यासाठी ओकसारख्या झाडांच्या सालीतील टॅनिन वापरीत. आपल्याकडे हिरडा आणि बाभळीची साल यांतून तेच द्रव्य मिळते. कुंडात कातडे आणि साल यांचे थर भिजत घातल्यावर जाड तळव्याचे कातडे तयार होण्यास कित्येक महिने लागत. एकोणिसाव्या शतकात क्रोमियमच्या क्षारांनी कातडे कमावण्याची रीत निघाली. १८८४ मध्ये अमेरिकेत ऑगस्टस शुल्ट्झ यांनी तिचे पेटंट घेतले आणि महिन्यांचे काम एक-दोन दिवसांवर आले. आज जगातील बहुतांश कातडे या रीतीनेच कमावले जाते.

कोलकात्याचा चर्मोद्योग या नव्या रीतीवरच वाढला. स्वदेशीच्या चळवळीत डॉ. नीलरतन सरकार यांनी येथे नॅशनल टॅनरी काढली. १९१९ मध्ये सरकारी संशोधन-चर्मालय सुरू झाले; त्याचेच रूपांतर पुढे चर्मविद्येच्या महाविद्यालयात झाले. टांगरा भागात हक्का चिनी कुटुंबांनी कातडे कमावण्याचे शेकडो लहानमोठे कारखाने चालविले. या कारखान्यांच्या सांडपाण्यात क्रोमियम, चुना व कुजकी द्रव्ये असत आणि ती शहराच्या पूर्वेकडील नाल्यांत जात. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने टांगरा, तिलजला व तोपसिया येथील चर्मालये शहराबाहेर नेण्याचा आदेश दिला. त्यानंतर बानतला येथील चर्मसंकुलात हा उद्योग हळूहळू स्थलांतरित झाला.

क्रोमियमचे कातडे वाईट असते असा याचा अर्थ नव्हे. ते मऊ, टिकाऊ आणि उष्णतेस अधिक खंबीर असते. कच्चे कातडे साधारण ६० ते ६५ अंश सेल्सिअस तापमानाच्या पाण्यात आक्रसते. वनस्पतींच्या टॅनिनने कमावलेले सुमारे ७० ते ८५ अंशांपर्यंत टिकते. आणि क्रोमियमने चांगले कमावलेले उकळत्या पाण्यालाही दाद देत नाही. परंतु रोमन जोड्याच्या प्रतिकृतीस ते निरुपयोगी आहे. टॅनिनचे कातडे ओले करून पायावर बसविले की वाळताना तोच आकार धरते. क्रोमियमचे कातडे लवचीक असल्यामुळे पूर्वीच्या आकाराकडे परतते. टॅनिनचा तळवा घट्ट असतो व खिळा धरून ठेवतो. मऊ तळव्यात खिळा हलू लागतो. अशा जोड्यातून दहा कोस चालून कोणी म्हणाला की रोमन जोडे लवकर सुटत, तर त्याचा दोष रोमनांकडे जाणार नाही.

कातड्याच्या जातीचा संबंध पुराव्याशीही आहे. इंग्लंडमधील हेड्रियनच्या तटबंदीजवळील व्हिंडोलांडा या रोमन छावणीत पाच हजारांहून अधिक पादत्राणे सापडली आहेत. तेथील चिखलात प्राणवायू नव्हता आणि कातडे टॅनिनने कमावलेले होते, म्हणून ती टिकली. तुरटीने कमावलेले कातडे मात्र पाण्यात तुरटी धुऊन गेल्यावर पुन्हा कच्चे होते व कुजते. शिवणीचा जवसाचा दोराही बहुधा नाहीसा होतो. म्हणजे जे मिळाले ते सगळे नव्हे. जे टिकण्यासारखे होते तेवढेच मिळाले. शिवाय व्हिंडोलांडाचे बहुतेक जोडे बंद बुटांसारखे आहेत. पट्ट्यांचा कालिगा इसवी सनाच्या पहिल्या शतकाच्या अखेरीस मागे पडत गेला. दुसऱ्या-तिसऱ्या शतकातील शिपायाला तो घालणारे पुनर्नाट्य पाहावयास ठीक असले, तरी काळाच्या हिशेबात चुकलेले असते.

मराठी वाचकाला या साऱ्याची ओळख दूर शोधावी लागत नाही. कोल्हापुरी चप्पल परंपरेने वनस्पतींच्या टॅनिनवर कमावलेल्या कातड्याचीच होय. कातडे पिशवीसारखे शिवून, त्यात हिरड्या-बाभळीचा काढा भरून टांगून ठेवण्याची जुनी रीत याच कामाची. फरक असा की, कोल्हापुरीत लोखंडाचा खिळा नसतो. तळव्याचे थर कातड्याच्याच बारीक वादीने शिवतात. ते का, याचे एक कारण रसायनशास्त्रात सापडते. टॅनिनला लोखंड लागले की निळसर काळे द्रव्य तयार होते. हिरडा आणि हिराकस यांपासून शाई करण्याची रीत याच गुणावर आधारलेली आहे. रोमन तळव्यात प्रत्येक खिळ्याभोवती अशीच काळी वर्तुळे पडत असली पाहिजेत, आणि ओलाव्यात ते लोखंड भोवतालचे कातडे हळूहळू जाळीत असले पाहिजे. फरसबंद रस्त्यावर ओझ्यासह चालणाऱ्या सैन्याने हा तोटा पत्करला. शेताच्या बांधावरून चालणाऱ्याला तो पत्करण्याचे कारण नव्हते.

शाळेत ही गोष्ट सहज तपासता येते. एका पेल्यात हिरड्याची चिमूटभर पूड कोमट पाण्यात कालवून गाळून घ्यावी व त्यात गंज नसलेला लोखंडी खिळा टाकावा. दुसऱ्या पेल्यात नुसते पाणी व तसाच खिळा ठेवावा. दुसऱ्या दिवशी दोन्ही पेले शेजारी ठेवून पाहावेत. मग चांभाराकडून दोन कातड्यांचे तुकडे आणावेत, एक कोल्हापुरी चपलेच्या तळव्याचा व एक मऊ पिशवीच्या कातड्याचा. त्यांची ताजी कापलेली कड निरखावी, आणि दोन्ही भिजवून प्रत्येकावर खिळा रात्रभर दाबून ठेवावा. ज्या तुकड्यावर काळा डाग उमटेल, त्याच जातीच्या कातड्यावर रोमचा शिपाई चालत होता.